राखणदाराकडचा पत्रा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, की पत्रा ठोकणाऱ्या माणसाचे अनुभव वाचायला कोण बसलंय? ते म्हणाले, लोक हल्ली काहीही वाचतात. एवढ्या आग्रहानंतर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

मी मूळचा दोडामार्गाकडचा. पोट भरायला डिचोलीत आलो, कारापूरला घर बांधलं आणि जन्मभर खाणीवरच्या ट्रकांचे पत्रे सरळ केले. लोकांना वाटतं, पोचा आला की हातोडा घ्यायचा आणि ठोकायचं. तसं नसतं. मार लागला की पत्रा ताणतो, आणि नुसता ठोकला तर आणखी ताणतो, फुगतो. मग तो तापवून, ओल्या फडक्याने थंड करून, आक्रसून घ्यावा लागतो. माणसांचंही असंच असतं असं इथे लिहायची पद्धत आहे, पण तापवलेला माणूस आक्रसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मी सांगतोय तो काळ गोवा नुकतंच घटक राज्य झालं तेव्हाचा. त्याआधी भाषेवरून भांडणं होऊन गेली होती. रस्त्यात झाडं आडवी पडायची, गाड्यांवर दगड पडायचे. दगड मारणाऱ्याला गाडी कुठल्या भाषेच्या माणसाची आहे ते लांबून कळत नसे, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही बाजूंचं काम सारखंच आलं. मी घरी मालवणी बोलतो, सासुरवाडीशी कोंकणीत भांडतो आणि बिलं मराठीत लिहितो. तुम्ही कोणत्या बाजूचे असं कोणी विचारलं, की मी पोचा किती खोल आहे ते सांगायचो.

अशात एका दुपारी कोरगावचा बाबल आपली गाडी ट्रॅक्टरला बांधून पेडण्याहून थेट डिचोलीला घेऊन आला. गाडी कसली, जर्मन व्हॅन! पुढून उंड्या पावासारखी गुबगुबीत, इंजिन मागे, आणि रेडिएटर नाहीच. एक हिप्पी ती आपल्या देशातून रस्त्याने चालवत इथवर घेऊन आला आणि जाताना बाबलला देऊन गेला. तिची कागदपत्रं व्हायला इतका वेळ लागला, की गोवा त्याच्या आधी राज्य झालं.

बाबल त्या गाडीतून कोरगावच्या मुली म्हापशाला शिकायला न्यायचा. बसला गर्दी, आणि बसमध्ये काय चालतं ते आईबापांना ठाऊक, त्यामुळे बाबलची गाडी असेल तरच मुलीने अकरावी-बारावी करायची असा गावाचा अलिखित नियम होता. त्या वर्षी गाडी मालपेच्या चढणीवर दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा मुली काळोख पडेपर्यंत हमरस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. म्हापशाच्या मेकॅनिकांनी इंजिन दोनदा उघडलं आणि दोनदा नीट केलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, आता हे घेऊन दुसरीकडे जा.

"इंजिन तापता, मेस्त," बाबल मला म्हणाला. "कित्याक तापता ता कोणाकच कळणा नाय. बारावीची परीक्षा पंधरवड्यावर इली. चार घरांनी मुलींका घरात बसवल्यानी. आता गाडी उभी ऱ्हवली तर सगळीच बसतली."

मी मागचं झाकण उघडलं. इंजिन दिसलं, आणि इंजिनाच्या कडेने खाली डांबरी रस्ताही दिसला. रस्ता दिसायला नको असं मला वाटलं, पण का ते सांगता येईना.

"हय कडेक काय नव्हता?" मी विचारलं.

"पत्रे होते," बाबल म्हणाला. "मीच काढलंय. हवेन थंड जाणारा इंजिन, तेका पत्र्यात कोंडून कशाक ठेवचा? मोकळा केलंय."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. गोव्यातल्या कुठल्याही माणसाला पटलं असतं. उकडलं की आपण सदरा काढतो.

तरीही शंका राहिली म्हणून आम्ही हरमलला गेलो. तिथे किनाऱ्यावर हान्स नावाचा एक परदेशी तशाच गाडीत राहत होता. राहत होता म्हणजे झोपणं, स्वयंपाक, कपडे वाळत घालणं सगळं गाडीतच. त्याला कोंकणी थोडी यायची आणि ती तो फार मोजून वापरायचा. बाबलने काय केलं ते ऐकून हान्स म्हणाला, "पत्रो ना, गाडी मेली."

मग त्याने आपल्या गाडीचं इंजिन चालू केलं, विडी पेटवली आणि विडीचा धूर पंख्याजवळ सोडला. धूर आत ओढला गेला. हान्सने मला वाकायला लावून गाडीखाली हात धरायला सांगितला. खालून गरम वारा येत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पंखा वरचा थंड वारा घेतो, इंजिनावरून फिरवतो आणि तापलेला वारा खाली रस्त्यावर टाकतो. कडेचे पत्रे म्हणजे वरच्या आणि खालच्या वाऱ्यातली भिंत. भिंत काढली की खाली टाकलेला गरम वारा पंखा पुन्हा वर ओढतो आणि इंजिन आपल्याच उच्छ्वासात शिजतं. बाबलने सदरा काढला नव्हता, स्वयंपाकघराची भिंत पाडून चुलीचा धूर घरभर घेतला होता.

आता पत्रे आणायचे कुठून? हान्स म्हणाला, आईला लिहितो, ती जर्मनीहून पाठवील. पण त्याच्या आईने पाठवलेले मोजे एका पावसाळ्यात निघून दुसऱ्या पावसाळ्यात पोचले होते. मुंबईच्या भंगार बाजारात मी ओळखीचा माणूस पाठवला. त्याने तिथून एक दरवाजा आणला. तो त्या गाडीचा नव्हता.

"तू काढलेले पत्रे खंय आसत?" मी शेवटी बाबलला विचारलं. हे आधीच विचारायला हवं होतं, पण आम्हा गॅरेजवाल्यांना सुटा भाग म्हटलं की मुंबईच दिसते.

"गावात आसत," बाबल म्हणाला. "चांगलो जर्मन पत्रो, फुकट कशाक घालवूचो? जेका जो व्हयो तो दिलंय."

म्हणून गाडी पुन्हा ट्रॅक्टरला बांधून, हत्यारांची पेटी घेऊन मी कोरगावात मुक्कामाला गेलो. डिचोलीत खाणीचे ट्रक रांगेत उभे होते आणि मी पेडण्याच्या एका गावात घरोघर पत्रे मागत फिरत होतो. दोन पत्रे सहज मिळाले. एक बाबलच्याच न्हाणीत होता. दुसऱ्याचं पोदेराने भट्टीतली राख ओढायचं फावडं केलं होतं, आणि ते परत देताना त्याने आम्हाला गरम पावही दिले. तिसरा पार्वतीकाकीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागला होता.

"पत्रो व्हयो?" पार्वतीकाकी म्हणाली. "आणि मुंगूस इलो तर तू बसतलस हय राखणीक?"

मी तिला नवं दार करून दिलं, बिजागरीसकट. तेव्हापासून तोच रिवाज ठरला: पत्रा घ्यायचा तर पत्रा द्यायचा. गावात बातमी पसरली आणि ज्यांच्याकडे गाडीचा पत्रा नव्हता तेही दारं, नळकांडी, शेगडीची तळं घेऊन यायला लागले.

चौथा पत्रा रामाच्या भट्टीवर होता. काजूचा हंगाम, रानात फेणीच्या भट्ट्या पेटलेल्या. भट्टीखालची आग एकसारखी राहावी लागते. वाऱ्याने ती एका बाजूला पळाली की भांडं एकीकडे करपतं आणि उतरलेल्या दारूला जळका वास येतो. रामाने आगीच्या वाऱ्याकडच्या अंगाला आमचा वाकडा पत्रा उभा केला होता. पण तो तोकडा पडायचा, म्हणून आगीपाशी सारखं कोणीतरी बसून लाकडं सरकवावी लागत. तिथे रामाची मुलगी सुनंदा बसली होती. घरी बसवलेल्या चार मुलींपैकी ही एक. बारावीला होती.

मी काय शोधतोय ते बाबलने तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, धूर गेला म्हणून डोळे पुसले आणि त्या पत्र्याकडे बोट केलं.

"म्हणजे ह्यो हय आसा म्हणान गाडी बंद पडली?"

"होय," मी म्हणालो.

"आणि गाडी बंद पडली म्हणान मी हय आसंय."

बाबल लगेच वाकून लाकडं सरकवायला लागला.

मला रामाचा राग आला. हुशार मुलगी, परीक्षा तोंडावर, आणि हा तिला चुलीत लाकडं सारायला बसवतो! मी त्याला तसं बोललोही. रामा चिडला नाही. त्याने मला माडीचा पेला दिला आणि म्हणाला, "गाडी एकदा बंद पडली तर नशीब, मेस्त. दोनदा बंद पडली तर लोक बोलतत. तुमका ट्रकवाले म्हायत आसत. काळोखात माझा चेडू रस्त्याक बसलेला, आणि येणारो जाणारो ट्रक हळू जाता. त्या राती मी जेवलंय नाय." ते ट्रकवाले मला खरंच माहीत होते. माझंच गिऱ्हाईक ते. रागाचं बळ तिथेच संपलं.

मी त्याला डांबराचं रिकामं पिंप कापून भट्टीभोवती पुरं कडं करून दिलं, लाकडं सारायला छोटं दार, वारा हवा तेवढाच घ्यायला खाली सरकती पट्टी. आग अशी स्थिर झाली, की रामा तिच्याकडे पाहत बसला. आता तिथे कोणी बसून राहायची गरज नव्हती. त्याने आमचा पत्रा काढून दिला.

"मगे सुनंदा जातली मा परीक्षेक?" बाबलने विचारलं.

"बघूया," रामा म्हणाला. आमच्याकडे 'बघूया' म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको.

राहिला पाचवा पत्रा, सगळ्यांत महत्त्वाचा. हा इंजिनाच्या अगदी मागे बसतो, आणि पट्ट्याची चाकी फिरायला त्याला मधोमध अर्धगोल खाच असते. तो गावाबाहेर जाणाऱ्या चढणीच्या पायथ्याशी, राखणदाराच्या घुमटीत होता. राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवर उभा असलेला देव. रात्री गावाभोवती फिरतो म्हणतात. त्याची पणती वाऱ्याने विझायची, म्हणून बाबलने तो पत्रा पणतीमागे लावला होता. खाचेत पणती अशी बसली होती, की जर्मनीत तो पत्रा बहुधा त्याचसाठी केला असावा.

"ह्यो काढूक येवचो नाय," बाबल म्हणाला. "देवाक दिलेलो."

"तूच दिलेलो मा?"

"म्हणानच."

उपाय एकच, कौल लावायचा. गावचे घाडी आले. देवाशी गावाच्या वतीने बोलायचा मान त्यांच्या घराण्याचा. घुमटीतला देव म्हणजे एक उभा दगड, त्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. देवाच्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या हाताची पडली तर नकार. हात देवाचे धरायचे, आपले नाहीत. नारळ समोर ठेवून घाडींनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा, तुझो लेकरू बाबल आज तुझ्या पायाशी इलो आसा. अडाणीपणान तेणा गाडयेचो पत्रो काढल्यान आणि भक्तीन तुका दिल्यान. तो पत्रो आता गाडयेक व्हयो आसा. तू राजी आसशीत तर उजवो कौल दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. देवापुढे माझ्या धंद्यातला सुटा भाग इतक्या नीट कोणी मागितल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने डावी पाकळी पडली.

बाबल खाली बसला. गाऱ्हाण्याला रामाही आला होता. तो म्हणाला, "देवाची मर्जी नाय. माझा चेडू त्या गाडयेत बसाचा नाय."

"देवान पत्रो नाय म्हटल्यान, गाडी नाय!" बाबल ओरडला.

घाडींनी दोघांना गप्प केलं. एका नारळाला एकच प्रश्न, असा त्यांचा नियम. पत्र्याचा प्रश्न झाला. मुलीने गाडीतून जावं की नाही हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळा नारळ, आणि कौल लावायचा तो सोमवारीच. पुढचा सोमवार परीक्षेच्या पहिल्या पेपराचा होता. रामा म्हणाला, मग सोमवारी देव सांगेल तसं.

मी घाडींना विचारलं, पत्रा काढायचा नाही हे मान्य, पण त्याचं माप घेतलं तर चालेल का? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मापाक कौल कशाक? शिंपी काय विचारून माप घेता?"

मग मी देवापुढे गुडघे टेकून, पुठ्ठा धरून, पेन्सिलीने त्या पत्र्याची रेघ काढून घेतली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं डिचोलीचा मेस्त मोठा भाविक आहे. त्या मापावरून मी ट्रकच्या जुन्या मडगार्डाचा पत्रा कापला, कडा वाकवल्या, आणि मधली खाच तर तीनदा घासून बसवली, कारण चाकी पत्र्याला जराही लागली असती तर दोन्ही गेली असती. कडेच्या फटी बुजवायला मूळचं रबर कधीच गेलं होतं. सायकलची ट्यूब उभी चिरून पत्र्यांच्या काठांवर चढवली. मागच्या झाकणातून पाहिलं, रस्ता कुठेच दिसेना. इतका आनंद मला नवीन ट्रकची अख्खी बॉडी बांधूनही झाला नव्हता.

रविवारी आम्ही गाडीत मुलींच्या वजनाइतकी भाताची पोती भरली आणि मालपेची चढण चढून आलो. इंजिनाच्या तेलातली पट्टी बाहेर काढून मी बोटांनी धरली. गरम होती, पण धरवत होती. पूर्वी ती धरली असती तर कातडी सोलून निघाली असती. बाबलने पण धरून पाहिली. मग पोदेराने धरून पाहिली, त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता तरी.

सोमवारी सकाळी गाडी घुमटीपाशी उभी. मुली आत बसलेल्या, घरी बसवलेल्यांतल्या तिघी धरून. इंजिन चालू, कारण बाबल ते बंद करायला भीत होता. सुनंदा परीक्षेचं सामान घेऊन बापाशेजारी दगडापुढे उभी. रामाने नारळ ठेवला, घाडींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही वाट पाहू लागलो.

पाकळ्या पडेनात. कधी पटकन पडतात, कधी दगड ओला राहिला तर तासन्‌तास चिकटून बसतात. ऊन वर यायला लागलं. मुली खिडकीतून माना काढून बघत होत्या. बाबल एकदा घड्याळाकडे, एकदा देवाकडे, एकदा गाडीकडे बघत होता. मला भीती वाटत होती, आणि ती पत्र्याची नव्हती.

"किती वेळ थांबाचा?" बाबल हळूच म्हणाला.

"देव बोलासर," घाडी म्हणाले.

सुनंदाने आणखी थोडा वेळ पाहिलं. मग दगडाला हात जोडले आणि बापाकडे वळली.

"बाबा, तो विचार करतासा," ती म्हणाली. "तेका करूंदे. तवसर मी पेपर देऊन येतंय."

आणि ती जाऊन गाडीत बसली. इतक्या सहज, की कोणी अडवायच्या आत बाबलने गियर टाकलाही. घाडींनी तोंड उघडलं, पण कौल झालाच नव्हता, तर मोडला असं तरी कसं म्हणणार?

गाडी चढणीला लागली. जमलेले सगळे वळून तिकडे बघायला लागले, घाडीसुद्धा. ती वर पोचते की नाही हाच सवाल होता. मी वळलो नाही. माझ्याच्याने बघवलं नसतं, आणि पत्र्याचं काम कानाने कळतं. खडखड नाही, घासणं नाही, इंजिनाचा आवाज एकसारखा. म्हणून माझं तोंड दगडाकडेच राहिलं. तसंच रामाचंही.

डावी पाकळी सुटली आणि खाली पडली. उजवी तिथेच होती.

रामा पुढे झाला. वाकला, आणि नमस्काराला टेकवतात तसा उजवा तळहात दगडाच्या उजव्या अंगावर टेकवला. उठला तेव्हा मूठ मिटलेली होती. पडलेली पाकळी त्याने पायाने धुळीत सारली.

वर चढणीच्या टोकाला बाबलने हॉर्न वाजवला आणि गाडी पलीकडे उतरली. लोक इकडे वळले. घाडींनी दगडाकडे पाहिलं. दोन्ही अंगं रिकामी.

"खंयची पडली आधी?"

"उजवी," रामा म्हणाला.

घाडींनी माझ्याकडे पाहिलं. मी हत्यारांची पेटी आवरत होतो, आणि ती आवरायला त्या दिवशी फार वेळ लागला.

"मगे फोड नारळ," घाडी म्हणाले. "चेडवाक पेपर बरो जावंदी."

रामाने नारळ डाव्या हाताने उचलला आणि डाव्याच हाताने फोडला. देवाचा नारळ डाव्या हाताने फोडू नये हे कोरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घाडींनी खोबऱ्याचा तुकडाही त्याच्या डाव्याच हातावर ठेवला.